सुमेधाच्या कोरोलाची दसऱ्याची पूजा

सुमेधा बोडसला कुणी "जपून जा" म्हटलं की तिचं डोकं फिरतं. "जपून नाही तर काय, डोळे मिटून जाते का मी?" ही माझी जुनी मैत्रीण. इथे कॅनडात, ओकव्हिलच्या हॉस्पिटलात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. भर बर्फात पहाटेच्या ड्यूट्या केल्या बाईनं. नवरा गुरुदत्त गेल्यावर त्याची निळी कोरोला हाच तिचा संसार. आज लायब्ररी, उद्या पोहणं, लहर आली तर सरळ नायगरा! शेजारच्या सीटवर मी. मला ड्रायव्हिंग कधी जमलं नाही. मी रस्ते सांगायची आणि ती ऐकायची नाही.

२०१०च्या उन्हाळ्यात गाडी मागे घेताना तिनं शेजाऱ्याचा रिसायकलिंगचा डबा उडवला. रिकामा डबा हो! शेजारी पोट धरून हसला. पण नेमका तिचा मुलगा ऋषी तिथे उभा. तो बँकेत रिस्क मोजतो आणि ते काम घरीही आणतो. "आई, यू आर सेव्हंटी-टू. इट्स नॉट सेफ," म्हणाला आणि किल्ली खिशात घातली. "कुठे जायचं ते फक्त सांग. आय विल ड्राइव्ह यू."

डोळ्यांच्या डॉक्टरनं तिला पास केलं होतं, फॅमिली डॉक्टरनं केलं होतं. पोटच्या पोरानं नापास केलं.

झालं! कोथिंबीर संपली की शनिवारची वाट बघा. केस कापायचे तर सुनेला, केयाला, आधी ईमेल करा. "अगं, कुठे जायचं ते निघेपर्यंत मलाच माहीत नसायचं, तीच तर मजा होती," सुमेधा फोनवर म्हणाली आणि चक्क रडली. गुरुदत्त गेला तेव्हाही माझ्यासमोर रडली नव्हती ती. मला ऋषीचा असा राग आला म्हणून सांगू!

त्या वर्षी दसरा रविवारी आला. ऋषीनं मला सुमेधाकडे जेवायला गाडीनं आणलं. त्याची एसयूव्ही म्हणजे चालतं-फिरतं घरच. तरी एवढ्या एअरबॅगांवर याचा भरवसा नाही. दर दसऱ्याला गाडी धुणार, शेवंतीचा हार घालणार, चारी चाकांखाली लिंबं ठेवून चिरडणार. तेही सेफ्टीसाठीच!

त्याची पूजा आटोपली तशी सुमेधानं गॅरेजकडे बघून सुस्कारा सोडला. "बाबांची गाडी तेवढी बिनपूजेची राहिली."

"करूया ना. हळद-कुंकू लाव."

"तशी नाही पोचत. किल्ली देवीपुढे ठेवायची, आणि जिच्या नावावर गाडी, तिनंच लिंबावरून न्यायची. असं शास्त्र आहे."

कसलं शास्त्र अन् कसलं काय! पण इथे वाढलेल्या मुलांचं शास्त्र म्हणजे आई सांगेल ते. ऋषीनं माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले आणि म्हटलं, "बाबा रे, मोडू नये."

बिचारा खरंच घरी जाऊन किल्ली घेऊन आला! देवीपुढे ठेवली, वर झेंडूचं फूल वाहिलं. मग स्वतः गुडघ्यांवर बसून कोरोलाच्या चाकांखाली लिंबं लावली. "आई, ओन्ली टू फीट, ओके? मग लगेच ब्रेक."

"हो रे बाळा. चित्रा, तू बस बाजूला. एकटीनं नेत नाहीत." हेही शास्त्र तिनं तिथल्या तिथे रचलं.

लिंबं फचाफच फुटली. दोन फूट झाले, ड्राइव्हवे संपला, कोपरा आला. मी मागे वळून बघितलं तर ऋषी हातात आरतीचं ताट घेऊन रस्त्यात धावत होता आणि केया हसून हसून खाली बसली होती.

त्याच्या हातावर तुरी देऊन आम्ही तळ्याकाठी गेलो. थंडीत कुडकुडत आइसक्रीम खाल्लं. पर्समधला फोन कोकलत होता. "गाडी चालवताना घ्यायचा नाही, गेल्या वर्षी कायदा आलाय," सुमेधा म्हणाली. गाडी तेव्हा पार्क केलेली होती.

परतलो तर ऋषी तसाच अंगणात. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. "आई, मला खूप भीती वाटते गं," तो म्हणाला. मराठीतच म्हणाला. माझा राग कुठच्या कुठे गेला.

सुमेधानं त्याचा हात हातात घेतला. किल्ली मात्र दुसऱ्या मुठीत घट्ट.

"वाटणारच रे. तू सोळाव्या वर्षी अशीच गाडीची किल्ली मागितलीस तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल? बाहेर बर्फ, तू नवशिका. तरी दिली ना मी?"

"मग तू काय केलंस?"

"तू परत येईपर्यंत खिडकीत उभी राहिले. आता तुझी पाळी."