हौसाच्या वलांडीची जागा

हौसा वरळी कोळीवाड्याची. आमच्या फणसवाडीत ती प्रथम सासूबरोबर मासळी विकायला आली, ती अजून येते. हिवाळ्यात सुके बोंबीलही तिचेच. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या आणि बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने टांगायचे, ही तिची वलांडी. नवरा गेल्यावर तिने त्याच बोंबलांवर दोन मुली वाढवल्या. जागा मात्र सरकारची. भरतीचं पाणी पोचतं तिथवर सगळंच सरकारचं.

या जानेवारीत किनाऱ्याची पाहणी निघाली. कुठला तुकडा कशासाठी ठेवायचा, ते त्यावर ठरणार होतं. साहेब येणार म्हणून कोळणींनी आदल्या दिवशी सगळ्या वलांड्या सोडल्या, बांबू घरामागे रचले, वाळू झाडली आणि वर रांगोळी काढली. साहेबांनी पाहिलं आणि लिहिलं: मोकळी जागा, वाहनतळास योग्य.

हौसा टोपलीशिवाय माझ्या दारात उभी राहिली. "बाय, आमीच आमच्या हातानं जागा घालवली गो. संगती चला."

मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. पाहणीचे अधिकारी बुद्धभूषण, परळचे, तरुण. म्हणाले, "मावशी, मी स्वतः पाहिलंय. एक काठीसुद्धा नव्हती तिथं."

"तुमी येनार म्हनून काढली! घरी पावना आला तर दोरीवरचे कपडे तसेच ठेवता काय?"

त्यांना हसू आलं. "आमची आई पडदेसुद्धा बदलते. पण नुसत्या शब्दावर नकाशा बदलत नाही, मावशी. मी परत येईन. कधी ते सांगणार नाही. आणि कृपा करा, झाडू नका!"

"झाडू हातात घेनारीचा हातच तोडते."

साहेब आल्याचा तिच्या मुलीने, अक्षताने, फोन केला तेव्हा मी टॅक्सी करून गेले. बुद्धभूषण वाकून दोऱ्यांखालून फिरत होते. ओल्या बोंबलांचं पाणी त्यांच्या शर्टावर ठिबकत होतं आणि कुठली दोरी कोणाची, ते कोळणी एकदम ओरडून सांगत होत्या. साहेबांनी उभ्याउभ्याच लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मासळी सुकवण्याची जागा. आहे तशी राखावी." मग बजावलं, "जमीन सरकारचीच राहणार. पक्कं बांधकाम चालणार नाही हं."

"बोंबलांना बंगला कशाला बांधू, साहेब?"

सगळ्या हसल्या. हौसा तिथेच वाळूत फतकल मारून बसली. उठवायला गेलेल्या अक्षताला म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो. जरा बसते. उन्हाकडं बघते."

मीही चप्पल काढून तिच्याशेजारी बसले.