जास्त झालेली लवंग

दुपारी जेवून मंदाकिनीबाई गोधडीत शिरतात. निफाडची थंडी अशी, की खोबरेल बाटलीत दगड होऊन बसलंय. डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून खोकला ऐकू येतो. हा खोकला त्या चाळीस वर्षं ओळखतात. खोकणारे अप्पा, त्यांचे यजमान, मात्र मागच्या महिन्यात वारले.

अप्पा ओट्यापाशी उभे आहेत. अंगात स्वेटर, पायात एकच मोजा.

"अगं, औषध कर. गारठलोय."

"तुम्हाला तर नीट जाळलं होतं."

"ती ऊब किती टिकणार? लगेच नाशिकला नेऊन गोदावरीत सोडलंत. डिसेंबरात!"

बाई पातेलं चढवतात. औषध म्हणजे व्हिस्की. पण या घरात तो शब्द कुणी तोंडातून काढलेला नाही. पाण्यात गूळ, आलं, दालचिनीचा तुकडा, लवंगा. उकळी फुटली की गॅस बंद. मग लिंबू, आणि व्हिस्की अगदी शेवटी, नाहीतर तिचा जीव वाफेबरोबर उडून जातो.

"माझ्यासारखा," अप्पा म्हणतात.

बाई झाकण उचलतात तेव्हा ओटा एसटी स्टँडवर आहे. प्रवासी ओट्याला वळसा घालून जातात, कुणाला काही वावगं वाटत नाही. एक जण लिंबाची उरलेली फोड मागून नेतो. समोर गाडी उभी, पाटी कोरी. कंडक्टर दारातून ओरडतो, "अप्पा, एक फुल की दोन?"

"थांब की लेका. ती ठरवतेय."

अप्पा दोन पेले भरतात. एक बायकोपुढे धरतात.

"घे. तूही घे."

सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं, की मेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागेल तर खुशाल द्यायचं, पण ते देईल ते तोंडात घालायचं नाही. घातलं की आपणही त्याच्या मागोमाग. बाईंना हे पाठ आहे. पण चाळीस हिवाळे त्यांनी हे औषध केलं आणि स्वतः फक्त चमचा चाटला. "तूही घे" म्हणायला नवऱ्याला मरावं लागलं.

त्या पेला घेतात. ऊब मनगटापर्यंत चढते. कंडक्टर दुसरं तिकीट फाडायला घेतो.

"एवढं सांगा," पेला ओठाला टेकवून बाई विचारतात, "कसं झालंय?"

अप्पा घुटका घेतात. डोळे मिटतात. एका शब्दाचं काम आहे. कंडक्टरसुद्धा त्यांना डोळ्यांनी खुणावतो, की बोला, चांगलं झालंय म्हणा.

"लवंग जास्त झालीय," अप्पा म्हणतात. "नेहमीसारखी. आईच्या हातचं जे..."

बाई पेला ओट्यावर ठेवतात.

"एकच फुल," त्या कंडक्टरला सांगतात.

"अगं, लवंगेवरून?"

"चढा. खिडकीची जागा आहे. काच तेवढी लागत नाही तिची."

गाडी सुटते. अप्पा खिडकीतून पातेल्याकडे बोट दाखवत खोकत राहतात. बाई पातेल्यावर झाकण ठेवतात.

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवर गेलंय आणि खालचा ओठ चुरचुरतोय. आरशात बघतात तर ओठावर टपोरा फोड, पाणी भरलेला. बाई खिडकीशी जातात, जीभ पुरती बाहेर काढतात आणि उजेडात, हातातल्या आरशात, वरून खालून तपासतात.

जीभ कुठेही भाजलेली नाही.