घुशीसाठी रायफल निवडताना

शस्त्राची निवड ही माणसाच्या चारित्र्याची कसोटी असते. हे वाक्य मी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या तोंडून ऐकलं आणि चिटणीस या नात्याने इतिवृत्तात जसंच्या तसं लिहून घेतलं. ऐंशीच्या दशकाचा मध्य, मिशिगनमधलं नोव्हाय, आषाढातली एकादशी. अध्यक्षांच्या हातात त्या वेळी साबुदाण्याच्या खिचडीची कागदी बशी होती आणि शस्त्र निवडायचं होतं ते एका घुशीसाठी.

खरं तर ती घूस नव्हती. तिला इकडे ग्राउंडहॉग म्हणतात. मांजराहून जाड, तपकिरी, बिळात राहणारी, आणि मागच्या पायांवर उभी राहिली की एखाद्या संस्थेच्या विश्वस्तासारखी दिसणारी. पण काकूंनी पहिल्याच दिवशी तिला घूस म्हटलं आणि मग आम्ही सगळेच तसं म्हणू लागलो.

काकू म्हणजे आमच्यातल्याच, मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या एका इंजिनिअरची आई. काका गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा चांगला, सून चांगली, घर मोठं. पण त्या घरात कुठला चमचा कुठल्या खणात जातो हे काकूंना दर वेळी विचारावं लागे, आणि विचारलं की सून प्रेमाने म्हणे, आई, तुम्ही बसा, मी करते. अशा किती वेळा बसायचं यालाही मर्यादा असते. आमच्या घरांच्या मागेच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं सोयाबीनचं शेत होतं. त्याच्या बांधालगत एक अरुंद पट्टा पडीक होता. काकूंनी तो कुंपणावरून हातवारे करून मागितला आणि त्याने मान हलवून दिला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, त्यामुळे व्यवहार पाच मिनिटांत झाला. तिथे काकूंनी मेथी, गवार, अळू, दोडका आणि कडेला झेंडू लावला. फावडं स्वतःचं, टोपली स्वतःची. तिथे त्यांना कुणी बसा म्हणत नसे.

भाजीमागून घूस आली. ती मेथी खायची आणि बिळं मात्र सोयाबीनमध्ये करायची. आदल्या शरदात शेतकऱ्याच्या कापणी यंत्राचं चाक अशाच एका बिळात रुतून आस वाकला होता. जुलैत तो काकूंच्या मुलाच्या दारात आला आणि शांतपणे म्हणाला की कापणीच्या आत या भानगडीचा बंदोबस्त करा, नाहीतर पुढच्या वर्षी मी तो पट्टा नांगरून सोयाबीन पेरीन. जाता जाता एवढंच म्हणाला की बहुतेक लोक गोळी घालतात, पण माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

मुलाने आईला सांगितलं. "आई, असं कर, राहू दे तो पट्टा. गवार आता डेट्रॉइटला मिळते."

"मिळते रे," काकू म्हणाल्या. "मला माहितीये मिळते ते."

आणि त्या भांडी विसळायला उठल्या, तर सून म्हणाली, आई, डिशवॉशर आहे.

मुलगा बिचारा आईच्या त्या उत्तराने अस्वस्थ झाला आणि त्याने गोष्ट मंडळाकडे नेली. तीन मराठी माणसं एकत्र आली की समिती होते आणि चार आली की उपसमिती. अध्यक्षांनी शेतकऱ्याच्या बोलण्यातला नेमका शेवटचा भाग उचलला आणि रायफल उपसमिती स्थापन झाली. आम्ही नऊ जण. सगळे मोटार उद्योगातले. कुणी इंजिनमधला, कुणी ब्रेकमधला, कुणी गिअरबॉक्समधला. आठ जण शाकाहारी. नववा मासे खायचा, पण तळलेलेच. कॉलेजात एनसीसीत असताना मी पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यातली एक लक्ष्याच्या जवळून गेली होती. त्यामुळे नेमबाज म्हणून माझं नाव सुचवलं गेलं, अनुमोदन मिळालं आणि मी ते स्वतःच्याच हाताने लिहून घेतलं.

मग अभ्यास सुरू झाला. शेतीची नासधूस करणाऱ्या असल्या प्राण्यांना इथे व्हार्मिंट म्हणतात आणि त्यांच्यासाठी कुठली रायफल घ्यावी यावर अमेरिकन माणसं धर्मग्रंथावर बोलावं तसं बोलतात. आमचे लोक वाचनालयातून शिकारीची मासिकं घेऊन आले. पंधरा दिवसांत दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष टू-ट्वेंटी-थ्री नावाच्या काडतुसाचा. त्याचा पुढारी पुण्याचा, इंजिनवाला. त्याचं म्हणणं असं की हे काडतूस सैन्य वापरतं, म्हणून ते कुठेही मिळतं, स्वस्त पडतं आणि खांद्याला धक्काही कमी बसतो. गोळी पंचावन्न ग्रेन वजनाची, टोकाला पोकळ. दुसरा पक्ष टू-फॉर्टी-थ्रीचा. त्याचा पुढारी नागपूरचा, गिअरबॉक्सवाला. त्याची गोळी ऐंशी ग्रेनची, जड, त्यामुळे वाऱ्याने कमी सरकणारी. शिवाय शंभर ग्रेनची घातली तर हीच रायफल हरणालाही चालते. हरीण मारायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण क्षमता असावी, असं तो म्हणे. हिमवर्षाव नसतानाही फोर-व्हील ड्राइव्ह घेणाऱ्यांना हा मुद्दा लगेच पटला. एक गृहस्थ एकटेच ट्वेंटी-टू-टू-फिफ्टीच्या बाजूने होते, कारण तिची गोळी सर्वांत सरळ जाते. पण तिने नळी लवकर झिजते असं कुणीतरी वाचून दाखवलं आणि ते खिन्न होऊन टू-ट्वेंटी-थ्रीला मिळाले. नळी झिजायला किती हजार घुशी लागतील, हे कुणी विचारलं नाही.

पुणेकराने ऑफिसच्या प्लॉटरवर आलेख काढून आणला. चारशे यार्डांवर गोळी किती खाली येते, ताशी दहा मैलांच्या वाऱ्यात किती बाजूला जाते, सगळं रंगीत रेषांत. नागपूरकराने त्यातला हवेच्या घनतेचा आकडा चुकीचा धरलाय असं दाखवून दिलं. "अरे यार, हा कोलोरॅडोचा आकडा आहे. नोव्हाय काय डोंगरावर आहे का?" पुणेकर म्हणाला की तत्त्व महत्त्वाचं. त्याचा पुढचा आठवडा नोव्हायच्या हवेची घनता मोजण्यात गेला.

या बैठका काकूंच्याच घरच्या तळघरात होत. काकू चहा घेऊन खाली येत. एकदा त्यांनी मला विचारलं की ती गोळी केवढी असते. मी म्हटलं, पंचावन्न ग्रेन. ते त्यांना कळेना, तेव्हा मी कागदावर हिशोब करून, सोनाराच्या मापात साडेतीन मासे, असं सांगितलं.

"म्हणजे एका कुड्यांच्या जोडाइतकी," त्या म्हणाल्या. "आणि बोलताय महिनाभर."

हे मी इतिवृत्तात घेतलं नाही.

ऑगस्टअखेर मतदान झालं. आठांची मतं चार-चार पडली आणि अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत टू-फॉर्टी-थ्रीला दिलं. पुणेकर पक्ष इतका दुखावला की गणपतीच्या कार्यक्रमात नाटक करायला नकार देण्याची भाषा झाली. तेव्हा अध्यक्षांनी तोडगा काढला. रायफल नागपूरने आणायची, दारूगोळा पुण्याने. कुणाचाच अपमान नको. सप्टेंबरच्या बैठकीत रायफल आली, लांब खोक्यात, अध्यक्षांच्या नावावर घेतलेली. पुणेकराने काडतुसांची पेटी टेबलावर ठेवली. टाळ्या झाल्या. मी लिहिलं, शस्त्र व दारूगोळा प्राप्त.

आता फक्त जाऊन गोळी घालायची होती. पण दसरा तीन आठवड्यांवर होता आणि नवीन शस्त्र दसऱ्याच्या पूजेआधी बाहेर काढणं अध्यक्षांना प्रशस्त वाटेना. माझ्या मनात होतं की घुशीने हा मुहूर्त मान्य केलाय का. पण मी बोललो नाही. नेमबाजी माझ्याच गळ्यात होती आणि पुढे ढकललं जाणारं काहीही मला त्या दिवसांत आवडत होतं.

तोपर्यंत आमच्यापैकी एकही जण शेतात गेला नव्हता, हे मला आज लिहिताना जाणवतं. संध्याकाळी काकू पट्ट्यावर असायच्या, ते आम्ही खिडकीतून बघायचो, एवढंच. मेथी जवळजवळ गेली होती. काकू उरलेल्या अळूला पाणी घालायच्या आणि एकदा मला म्हणाल्या की लसूण थंडीआधी लावावा लागतो, पण लावू की नको कळत नाही. आपल्याला उन्हाळ्यात काढायला मिळणार नसेल तर उगाच कशाला पुरून ठेवायचा.

दसऱ्याला रायफल आणि पेटी पाटावर ठेवली. हळद, कुंकू, काकूंच्या बांधावरचा झेंडू. अध्यक्षांनी पराक्रमाच्या परंपरेवर भाषण केलं. पूजेत रायफलीच्या बोल्टला, म्हणजे मागच्या खिट्टीला, कुंकू लागलं, ते पुसायला नागपूरकराने सदऱ्याची बाही वापरली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी नऊला आम्ही चौघे कुंपणाच्या फटीतून शेतात गेलो. अध्यक्ष, दोन्ही पुढारी आणि मी, रायफल हातात घेऊन. समोर कापणी यंत्राची घरघर चालू होती. पावसाचा अंदाज होता म्हणून शेतकऱ्याने कापणी उजाडताच सुरू केली होती. अर्धं शेत मोकळं झालं होतं. काकू पट्ट्यावर उभ्या होत्या आणि वाळलेल्या सोयाबीनमध्ये जागोजागी काठ्या उभ्या होत्या. प्रत्येक काठीला जुन्या साडीची चिंधी बांधलेली. लाल, हिरवी, एक जरीकाठाची.

शेतकऱ्याने यंत्र थांबवलं आणि खाली उतरून आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग रायफलीकडे, आणि हात पुढे केला. पुणेकराने पेटी फोडून त्याला एक काडतूस दिलं. त्याने ते डोळ्यांजवळ धरून फिरवलं.

"हे या रायफलीचं नाही," तो म्हणाला. "हे टू-ट्वेंटी-थ्री आहे."

मग पुणेकर हळूच म्हणाला की पेटी त्याने ऑगस्टच्या सुरुवातीला सेलमध्येच घेतली होती. मतदानाच्या निकालाबद्दल त्याला शंका नव्हती. आणि दारूगोळा पुण्याने आणायचा एवढंच ठरलं होतं, कुठला ते ठरलं नव्हतं. हे इतिवृत्ताप्रमाणे बरोबर होतं.

शेतकऱ्याने काडतूस परत दिलं आणि विचारलं की कुठून कुठे मारणार होतात. मी सगळ्यात मोठ्या बिळाकडे बोट केलं. त्याने त्याच रेषेत आणखी पुढे बोट दाखवलं. बिळामागे साठेक पावलांवर अध्यक्षांच्या घराचं लाकडी डेक होतं आणि त्यावर त्यांच्या सासूबाई ऊन खात बसल्या होत्या. चारशे यार्ड त्या शेतात कुठेच नव्हते.

मी रायफल नागपूरकराच्या हातात दिली. शेतकरी मात्र आमच्यावर रागावलेला दिसला नाही. तो काकूंकडे बघत होता. त्याने मला विचारलं की या काठ्या हिने लावल्या का. मी काकूंना विचारलं.

"मग कोण लावणार?" काकू म्हणाल्या. "ऑगस्टात माझाच पाय मुरगळला असता एका भोकात. रोज एकेक ओळ हिंडले. सत्तावीस निघाली. त्याचं चाक तरी त्यात जायला नको."

मी भाषांतर केलं. शेतकऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, सकाळपासून मी त्या चिंध्या चुकवत यंत्र चालवतोय, एकदाही रुतलो नाही. घूस काय, एक गेली तर दुसरी येते. मला भोकं कुठे आहेत ते कळलं की पुरे. पुढच्या वर्षीही लाव म्हणावं तिला भाजी. काठ्या तेवढ्या ठेवायच्या.

मी काकूंना सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले.

"मग मी लसूण आजच लावते," त्या म्हणाल्या, आणि फावडं आणायला गेल्या.

डिसेंबरात मंडळाची वार्षिक सभा झाली. समाजाच्या भूमीचं यशस्वी रक्षण केल्याबद्दल रायफल उपसमितीच्या अभिनंदनाचा ठराव नागपूरकराने मांडला, पुणेकराने त्याला अनुमोदन दिलं आणि तो एकमताने मंजूर झाला. ठरावात काकूंचाही उल्लेख करावा असं मी सुचवलं. अध्यक्षांनी मंडळाच्या घटनेची प्रत मागवली. घटनेप्रमाणे सभासदांचे भारतातून आलेले आईवडील पाहुणे धरले जात, आणि पाहुण्यांचे आभार मानायची तरतूद फक्त कोजागिरीच्या कार्यक्रमात होती, दूध वाटून झाल्यानंतर.