अक्सूमचा अखंड दगड

गिदेय पाथरवटाचं लग्न झालं तेव्हा तो दगड अजून डोंगराच्या पोटातच होता. बायको लेताय सातूच्या दारूचा घडा डोक्यावर घेऊन खाणीवर चढायची आणि इतक्या छिन्न्यांच्या गलक्यातून नवऱ्याचा घाव नेमका ओळखायची. पोरगा झाला, चालायला लागला, त्याला मिसरूड फुटलं, तरी दगडाचं काम सरेना. राजाच्या थडग्यावर उभा करायचा होता तो. एकाच दगडात तेरा मजल्यांचा महाल: खाली दार, दाराला कडी, वर खिडक्यांच्या ओळी, सगळं कोरलेलं.

त्याच सुमारास गिदेयचा धाकटा भाऊ अस्गेदे फौजेबरोबर पश्चिमेला, मेरोवेच्या मुलखात जाऊन आला. उन्हानं करपून निम्मा झाला होता.

"केवढं राज्य असेल गं वहिनी!" तो म्हणाला. "टोकदार थडगीच थडगी, माळभर. बघून मान दुखते. आणि आत राजांच्या चित्रांपुढं शेळ्या रवंथ करतायत."

"आणि तिथली माणसं?"

"कुठली माणसं? दुसरेच येऊन राहिलेत. त्यांना विचारलं, ही कुणाची थडगी? तर खांदे उडवतात."

लेतायच्या अंगावर काटा आला. गिदेय मात्र हसला. "त्यांनी तुकड्यावर तुकडा रचला रे. आपला अखंड आहे. त्याला काय होतंय?"

दगड ओंडक्यांवरून गावात आला तेव्हा जमीन हादरत होती. घराघरातली मडकी वाजत होती. उभा करायच्या दिवशी अख्खं अक्सूम लोटलं. गिदेय दोराला होता. खांद्यावर दोर, नजर मातीत, तोंडानं हाकारा. लेताय समोरच्या चढावर उभी होती.

दगडाचं डोकं उचललं गेलं. चढत गेलं. माणसं खाली मुंग्यांएवढी दिसू लागली. आणि एका क्षणी तो उभा राहिला. सरळ. शेंड्यावर ऊन पडलं. हाकारा थांबला, ढोल थांबले. एवढ्या गर्दीत कुणी खोकलंसुद्धा नाही. लेतायचे हात आपोआप जोडले गेले. ही माणसांनी केलेली वस्तू आहे, आपल्या घरातल्या माणसानं केलेली, हे तिला खरंच वाटेना.

मग बुडाशी काहीतरी कचकलं. दगड कलला आणि शेजारच्या थडग्याच्या शिळेवर येऊन फुटला.

धूळ बसल्यावर ती नवऱ्याला हाका मारत धावली. तो जिवंत होता. दोर तुटला तसा तो लांब फेकला गेला होता. त्याच्या बाजूचे तिघे गेले.

पुढं राजानं देव बदलला. नाण्यांवरची चंद्रकोर जाऊन क्रूस आला. थडग्यांवर दगड उभे करायची रीतच मोडली. गिदेय जाती घडवू लागला, पाटे घडवू लागला. घरात त्या दिवसाचं नाव निघत नसे.

म्हातारपणी दगडाच्या भुकटीनं त्याची नजर गेली. तेव्हा एका दुपारी, भाकरी मोडता मोडता, त्यानं पहिल्यांदा विचारलं.

"लेताय, तो उभा राहिला होता का गं?"

तिचा हात थांबला. आयुष्य त्या दगडात घातलेल्या या माणसानं तो उभा पाहिलाच नव्हता, हे इतक्या वर्षांत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"राहिला होता तर! सरळ. ढगांना टेकल्यासारखा."

"माझं मन राखायला सांगत नाहीस ना?"

"मन राखायला तुला भाकरी करून घालते, तेवढं पुरे आहे."

तो हसला. "किती वेळ होता?"

"श्वास घेतला होता मी. सोडायचाच विसरले, तेवढा वेळ."

"मग पुष्कळ होता," गिदेय म्हणाला.

त्यानंतर तो रोज विचारायचा, आणि ती रोज नव्यानं सांगायची: आधी सावली कुठवर गेली, मग ऊन कुठल्या खिडकीवर आलं. सांगताना तिचा आवाज दर वेळी खाली यायचा, देवळात येतो तसा. त्याच पावसाळ्यात तो गेला. शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं नाही. तिनं मात्र सगळं पहिल्यापासून सांगितलं.