बुटातला बोळा

टाच दुखते म्हणून परवा बायको मला नगरला बुटांच्या दुकानात घेऊन गेली. नव्या चामड्याचा वास नाकात शिरला आणि मी थेट नेवाशाच्या मांडवात जाऊन पोचलो.

लग्नात मी चुलतभावाचे काळे बूट घातले होते. ते मला चांगलेच मोठे होत होते, म्हणून आईने पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. मेव्हण्या नवरदेवाचे बूट लपवतात, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जेवणं उरकल्यावर धाकट्या मेव्हणीने एक बूट उंच धरून हलवला आणि घामाने भिजलेला बोळा सगळ्यांसमोर खाली पडला.

"दाजी, बूट कुनाचं हायेत?" तिने विचारलं. सगळा मांडव हसला. माझे कान तापले. शेजारी बसलेल्या नवरीने, म्हणजे हिने, वाकून तो बोळा उचलला आणि पदराआड मुठीत धरून ठेवला.

हसं माझं झालं, एवढंच मी इतकी वर्षं धरून बसलो. तिच्याच माहेरच्यांसमोर तिचंही झालं होतं, हे कधी मनातच आलं नाही.

दुकानात मऊ तळाचा बूट मी पायात घातला. हिने खाली बसून अंगठ्याने पुढून दाबून पाहिला.

"बोटभरच जागा ठेवा," ती हळूच म्हणाली. "जास्त नको, परत कागद कोंबावा लागंल."

आमच्यात हा विषय आजवर कधी निघालाच नव्हता. मी वाकलो आणि बराच वेळ नुसती लेस बांधत राहिलो.