तीन बोटांचा पाय

अॅक्झोलॉटल म्हणजे पाण्यातच जन्म काढणारा सॅलॅमँडर, पालीसारखा दिसणारा बेडकाचा भाऊबंद. बेडकाची पिल्लं कल्ले टाकून जमिनीवर येतात. हा पठ्ठ्या वीतभर वाढतो, वयात येतो, पिल्लांचा बाप होतो, तरी डोक्यामागची कल्ल्यांची झालर काही सोडत नाही. माझा नर मी अंड्यापासून वाढवला होता. आधी पुढचे पाय फुटले, मग मागचे. लहानपणीच एका भावंडाने त्याचा पुढचा पाय तोडला. तो पुन्हा उगवला, पण चाराऐवजी तीनच बोटांचा.

भावाच्या लग्नासाठी महिनाभर पुण्याला निघाले, तेव्हा टाकी आयर्लंडमधल्या आमच्या ओंगार वस्तीतच दोन घरं सोडून राहणाऱ्या ताईंकडे ठेवली. ताई नागपूरच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. इथे आल्यावर पहिला वरणभात मी त्यांच्याच घरी जेवले होते. पाणी गारच राहू द्या, ऊब त्याला सोसत नाही, हे इतक्यांदा बजावलं की त्या वैतागल्या. रोज माझा मेसेज जायचा आणि उत्तर यायचं, "ही इज ग्रँड गं," म्हणजे इथल्या बोलीत मजेत आहे. सोबत फोटो.

परत आले, टाकी आणायला गेले आणि तो पाय पाहिला. चार बोटं. तीनदा मोजली. ताईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, तूच सांगायचीस ना, तुटलेलं सगळं परत येतं. आलं असेल."

माझंच ज्ञान माझ्याच गळी उतरवत होत्या! भरून आलेल्या पायाला असं आपोआप नवं बोट फुटत नाही, हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तेव्हा सगळं बाहेर आलं. बिचारा गारठलाय असं वाटून त्यांनी टाकीत दोन तांबे कोमट पाणी ओतलं होतं, वर ती हीटरजवळ सरकवली होती. पहिल्याच आठवड्यात तो गेला. हा दुकानातून आणलेला. फोटो पहिल्या दोन दिवसांतले, पुरवून पुरवून पाठवलेले.

कोमट पाणी मी माफ केलं असतं. पण तीन आठवडे त्या मला फसवत होत्या, आणि मी लग्नघरात मेलेल्या जिवाचे फोटो कौतुकाने दाखवत फिरत होते. एवढा संताप मला कुणाचाच आला नव्हता.

"कुठे पुरलंत त्याला?" मी विचारलं. मागे त्यांची छान बाग आहे.

ताई ओटा पुसत राहिल्या. "पुरलं कुठे गं, ओल्या कचऱ्याच्या ब्राऊन बिनमध्ये टाकला, भाजीच्या सालींबरोबर. मंगळवारी गाडी घेऊन गेली."