टाकीतलं पाणी

परवा नाशिकला शेजारी प्लंबर पाइप तापवत होता. वितळत्या प्लॅस्टिकचा तो घशात बसणारा वास आला आणि मी कतारला, दोह्यातल्या अल हिलाल भागातल्या आमच्या घरामागे जाऊन पोचले.

ह्यांनी एक जुनी मोटरहोम घेतली होती. आत पलंग, शेगडी, सिंक सगळं होतं. फक्त खालची सांडपाण्याची प्लॅस्टिकची टाकी तडकलेली. त्या शुक्रवारी हे गाडीखाली उताणे पडून, तापवलेल्या सळईने भेगेत प्लॅस्टिकची पट्टी वितळवत होते. मी आत सिंकपाशी उभी. अचानक सिंकच्या भोकातून त्यांचा आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"अगं, ऐकू येतंय का?"

अंगावर काटाच आला. "अहो, नका ना तिथून बोलू!"

ते हसले. ते हसूही पाइपातूनच वर आलं. तेव्हा मी दचकून मागे सरले. आता कुठल्याही सिंकपाशी क्षणभर कान देते.

संध्याकाळी आम्ही टाकी पाण्याने भरली. हे म्हणाले, "रात्रभर राहू दे. खाली ओल आली नाही तर खलास, काम फत्ते, पुढच्या शुक्रवारी समुद्रावर!"

सकाळी घाईत बघायचं राहिलं. ते साइटवर गेले आणि दुपारी तिथेच त्यांचं हृदय थांबलं.

गाडी विकली त्या दिवशी शेजारचे इब्राहिमभाई वाकून बघत म्हणाले, "वहिनी, थेंबभर गळलं नाही. पाणी सोडून देऊ?"

"नको," मी म्हटलं.

गाडी फाटकातून वळली, तेव्हा आतलं पाणी हिंदकळलेलं मला ऐकू आलं.